तांडेलाची जागा

सबूर तांडेल समुद्रावर नेहमी सगळ्यांच्या मागून जात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की देवबागच्या किनाऱ्यावरून एकेक होडी पाण्यात सरकायची, ढोल वाजायचे, पोरे ओरडत कमरेभर पाण्यात शिरायची. यांची होडी मात्र माडांखाली, झापांच्या छपरात तशीच पडलेली असायची. कधी ती दुसऱ्या दिवशी निघे, कधी चार दिवसांनी. एका वर्षी घरोघर गणपती आले तरी ती निघाली नव्हती. पावसाळ्यानंतरचे पहिले दिवस मासळीचे असतात. त्या दिवसांत जो तांडेल किनाऱ्यावर बसून राहतो तो लोकांच्या मते एक तर भित्रा असतो किंवा वेडा.

त्यांना लोक दोन्ही म्हणत, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची सोय नव्हती, कारण त्यांच्या होडीतून गेलेला माणूस परत आला नाही असे कधी झाले नव्हते. "कधी निघतलास, तांडेलानू?" असे कुणी मुद्दाम विचारले, तर हातातले काम न थांबवता ते म्हणत, "सबूर." एवढेच. त्या एका शब्दावरून त्यांचे नाव सबूर पडले. खरे नाव मला बऱ्याच मोठेपणी कळले, आणि कळल्यावर ते कुणा दुसऱ्याच माणसाचे वाटले.

माझे बाबा त्यांच्या होडीत वल्हे मारत. होडीच्या मागच्या टोकाला बसून दिशा धरणारा तो तांडेल. त्याच्या शब्दावर बाकीच्यांनी हात चालवायचे. बाबा वर्षाचे आठ-नऊ महिने त्यांच्या शब्दावर हात चालवत, आणि घरी आले की तोच शब्द आमच्यावर चालवत. जेवणाची घाई केली, सबूर. जत्रेला कधी निघायचे, सबूर. लहानपणी मला या शब्दाचा राग यायचा.

आमच्याकडच्या जुन्या होड्यांना खिळे नसत. फळ्यांच्या कडांना भोके पाडून त्या काथ्याच्या सुंभाने एकमेकींना शिवलेल्या असत, गोधडी शिवावी तशा. वर्षभर खारे पाणी खाऊन सुंभ कुजतो. म्हणून वैशाखाच्या शेवटी होडी वर ओढली की तिची शिवण उसवायची, फळ्या पावसाच्या पाण्यात धुऊन सुकवायच्या आणि पुन्हा शिवायच्या, ही पावसाळ्यातली मोठी कामे. बरेच तांडेल सगळी शिवण उसवत नसत. जिथे सुंभ गेलेला दिसेल तिथे नवा घालत, बाकीच्यावर डांबर फासत. डांबर फासले की जुने आणि नवे सारखेच काळे दिसते. सबूर तांडेल एकही टाका ठेवत नसत. वाडीतल्या बायकांनी खाडीत कुजवलेल्या नारळाच्या सोडणांचा सुंभ वळून दिलेला असायचा. तो ते पायाच्या अंगठ्यात अडकवून असा ओढत, की तुटला तर बरे, असे वाटावे. "काल चालला ता आज चालात, ह्या माका सांगू नको," ते बाबांना म्हणत. "कालचो दिस गेलो."

होडी शिवून झाली, फटींत राळ आणि तेल भरून झाले, की त्यांची ती प्रसिद्ध परीक्षा असायची. ती दुसऱ्या कुणाच्या होडीला होत नसे. होडी जमिनीवरच लाकडांवर टेकवायची आणि तिच्या पोटात विहिरीचे पाणी भरायचे. बाहेरच्या अंगाला कुठे ओल येते ते बघायचे. खाऱ्या पाण्याने का नाही, असे मी एकदा विचारले, तर म्हणाले, "खारा पाणी गप बसता गो. गोडा पाणी चुगली करता."

पण लोक हसत ते याला नाही. लोक हसत ते पाणी कोण भरायचे याला. ज्या पुरुषांना होडीतून जायचे, त्यांच्या बायका आणि आया कळशा घेऊन यायच्या. पाणी भरले की प्रत्येकीने आपल्या माणसाच्या बसायच्या जागेपाशी बाहेरून, खाली वाकून, शिवणीवर तळहात ठेवायचा. ओल लागली तर सांगायचे. तिथली शिवण पुन्हा उसवली जाई, पौर्णिमा असो की आणखी काही. होडीला बायकांनी हात लावू नये असे आमच्याकडे मानत. त्यामुळे या होडीला 'बायलांची होडी' म्हणत. सबूर तांडेल ते ऐकत आणि म्हणत, "वाट बघूची तेंका. मगे होडी कोणी बघूची?"

माझी आई हात ठेवताना डोळे मिटायची. मी तिच्या पदराला धरून उभी असायची. एका वर्षी, मी मराठी शाळेत होते तेव्हा, मला दिसले की सगळ्या जागांपाशी कोणी ना कोणी वाकले आहे आणि मागच्या टोकाला कोणीच नाही. सबूर तांडेलांची बायको त्यांचा मुलगा भास्कर लहान असतानाच वारली होती. भास्करच्या जागेपाशी ते स्वतः हात ठेवत. मी विचारले, "आजोबानू, तुमची जागा कोण बघता?"

"तांडेलाची जागा कोण बघतलो?" ते म्हणाले. मग माझ्याकडे बघत राहिले. "तू बघ."

आई म्हणाली, "तिका काय कळता?"

"हाताक कळता. ओला की सुका."

मी हात ठेवला. फळी गार होती. मला वाटले हे गार म्हणजे ओले, आणि मी तसे सांगून टाकले. सगळ्या बायका हसल्या. ते हसले नाहीत. त्यांनी वाकून स्वतःचा हात माझ्या हाताशेजारी ठेवला, मग तळहात माझ्या गालाला लावला. "बघ. ओला असता तर गालाक कळला असता." तेव्हापासून दर वर्षी मागच्या टोकाची शिवण मी बघायची आणि मग हात गालाला लावायची. ती जागा कधीच ओली निघाली नाही. शाळेत मी काही फार पुढे नव्हते. वाडीत मात्र त्या एका दिवशी माझ्या शब्दावर होडी थांबू शकत होती.

आणखी एक त्यांचे वेड म्हणजे सुके नारळ. सोडणासकट वाळलेले, आतले पाणी आटलेले नारळ ते जोडीजोडीने सुंभाने बांधत आणि प्रत्येकाच्या जागेखाली एकेक जोडी अडकवून ठेवत. माणूस पाण्यात पडलाच तर काखेत धरून तरंगायला. "ह्यां दुकान खंय मांडतलास, तांडेलानू?" असे कुणीतरी दर वर्षी विचारायचेच. आणि तेही दर वर्षी तेच उत्तर द्यायचे, "गिऱ्हाईक येवचा नाय असा दुकान आसा ह्यां."

भास्कर बापासारखा नव्हता. उंच, हसरा, वाडीतल्या सगळ्यांना हवाहवासा. त्याला बापाचा हा उशीर खुपे. त्याच्या बरोबरीचे मित्र पौर्णिमेला समुद्रावर जाऊन भरलेल्या होड्या घेऊन येत, आणि हा किनाऱ्यावर उभा राहून त्यांची मासळी मोजू लागे. एका श्रावणात पाऊस लांबला. राळ नीट सुकेना. परीक्षेत दोन ठिकाणी ओल आली आणि सबूर तांडेलांनी ती शिवण पुन्हा उसवायला घेतली. पौर्णिमा उद्यावर आली होती. आम्ही बायका कळशा घेऊन उभ्या होतो. भास्कर म्हणाला, "बाबानू, ही होडी आसा की तुळशीवृंदावन? नुसती पुजूचीच आसा?"

काही जणी तोंडाला पदर लावून हसल्या. सबूर तांडेलही जरासे हसले. "सबूर, भास्करा. चार दिसांत सुकतली."

"चार दिस तुमी बसा. वासूच्या होडयेत माका जागा आसा. उद्या जातंय."

वासू हा वाडीच्या टोकाला राहणारा तांडेल. वाईट माणूस नव्हता. सगळे करतात तसेच तोही करी. सबूर तांडेलांनी सुंभ अंगठ्यात अडकवला. भास्कर निघून गेला तरी ते सुंभ ओढत राहिले.

संध्याकाळी आई आणि मी झावळ्या घेऊन परतत होतो, तेव्हा ते वासूच्या होडीसमोर उभे दिसले. होडी नव्या डांबराने चकाकत होती. आमच्याकडे एक रीत आहे. होडी पाण्यात जायच्या आधी दुसऱ्याच्या होडीला न बोलावता हात लावायचा नाही. हात लावणे म्हणजे शंका घेणे, आणि घेतलेली शंका दर्याला ऐकू जाते, असे म्हणतात. सबूर तांडेलांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरले होते.

"या तांडेलानू," वासू म्हणाला. "उद्या नारळ फोडूक तुमीच येवचा हां."

"येतंय," ते म्हणाले. आणि मग, "नवो सुंभ उरलो आसा माझ्याकडे. व्हयो तर सांग."

"आता कित्याक? डांबर मारून झाला."

ते आणखी थोडा वेळ उभे राहिले. एक पाऊल पुढे टाकले, असे मला आठवते. कदाचित मला नंतर तसे वाटू लागले असेल. पण हात मागेच होते, हे नक्की. मग ते वळले आणि आमच्या पुढून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी नारळ त्यांनीच फोडला. भास्करने पुढच्या वल्ह्यावरून बापाकडे बघून हात उंच केला. होडी खाडीच्या मुखाशी पोचली. तिथे नदीचे पाणी आणि समुद्राचे पाणी एकमेकांवर आपटते. तिथे ती मधोमध उघडली. किनाऱ्यावरून आम्हाला फक्त होडी दिसेनाशी झालेली कळली. दुसऱ्या होड्यांनी वासूला आणि बाकीच्यांना ओढून घेतले. भास्कर मिळाला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

काही दिवसांनी एक फळी वाळूत लागली. कडेला डांबरलेले टाके तसेच होते. सबूर तांडेल तिच्याशेजारी बसले. त्यांनी नखाने डांबर खरवडले आणि आतला सुंभ अंगठ्यात धरून ओढला. तो कुजलेल्या केळीच्या सोपटासारखा सहज तुटून आला. वासू येऊन त्यांच्या पायांवर पडला आणि रडू लागला. ते त्याला रागाने काही बोलतील म्हणून बाबा पुढे झाले. ते एवढेच म्हणाले, "सुंभ जुनो होतो." आणि बऱ्याच वेळाने, कुणालाही उद्देशून नाही असे, "डांबराखालीय माका दिसलो होतो."

त्यानंतर त्यांच्या तोंडून 'सबूर' हा शब्द आम्ही कधी ऐकला नाही. होडी ते पूर्वीसारखीच शिवत, परीक्षाही होई, भास्करच्या रिकाम्या जागेपाशी ते दर वर्षी हात ठेवत. पण कधी निघणार असे विचारले की नुसती मान हलवत. ज्यांनी त्या शब्दाची इतकी वर्षे टिंगल केली, त्यांनाही आता तो ऐकू येत नाही म्हणून चुकल्यासारखे होई.

आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांनी ती रीत मोडली. श्रावण लागताच ते वाडीतल्या एकेका छपरात शिरू लागले. न बोलावता. होडीभोवती फिरत, शिवणीवर तळहात ठेवत, टाका अंगठ्याने दाबून बघत. लोक चिडले. नजर लावतो म्हणाले. त्याहून वाईटही म्हणाले, ते मला लिहवत नाही. एकाने तर वाट अडवली. "तांडेलानू, हात काढा. आमची पोरा जातत हेच्यातून."

"म्हणानच हात लावतंय," ते म्हणाले, आणि हात काढला नाही.

सगळ्यांत आधी वासूने त्यांना स्वतःहून बोलावले. त्याने नवीन होडी केली होती. तिच्यात त्याच्या बायकोने विहिरीचे पाणी भरले, आणि सबूर तांडेल बाजूला उभे राहून बघत होते. मग हळूहळू बाकीचेही बोलावू लागले. मी मॅट्रिकला गेले तोवर वाडीत एकही 'बायलांची होडी' उरली नव्हती, कारण सगळ्याच तशा झाल्या होत्या. याबद्दल त्यांना कुणी काही म्हटले नाही. त्यांनीही कधी विषय काढला नाही.

मी मालवणच्या शाळेतून मॅट्रिक पास झाले. आमच्या बाईंनी कोल्हापुरात कॉलेजची आणि मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करून ठेवली होती. माझ्या घरात त्याआधी कुणी शाळेची पायरी चढले नव्हते. घाटावर, एकटी मुलगी, हे बाबांना झेपत नव्हते. काका म्हणाले, वर्षभर थांबा, तोवर एखादे स्थळ येईल. बाबा शेवटी म्हणाले, "तांडेलांका इचारूया." मी समजले. बाबांना नाही म्हणायचे होते आणि ते दुसऱ्याच्या तोंडून हवे होते. सबूर तांडेलांना विचारल्यावर उत्तर काय येणार, हे वाडीतले पोरही सांगू शकले असते.

पण बाबा जायच्या आधीच ते आले. भर पावसात, डोक्यावर इरले घेऊन. आमच्याकडे ते कधी न बोलावता येत नसत. ओट्यावर टेकले. आईने कोरा चहा दिला, तो त्यांनी तसाच बाजूला ठेवला.

"चेडू जाता काय?" त्यांनी माझ्याविषयी विचारले.

"बघूया," बाबा म्हणाले. "वरीसभर थांबूचा म्हणतंय. घाई कसली."

"कित्याक थांबूचा?"

बाबांनी तो चहा त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तुमीच शिकवलास मा आमका. सबूर म्हणान."

सबूर तांडेल अंगणातल्या पाण्याकडे वळले. "होडयेक थांबूचा असता," ते म्हणाले. "माणसाक नाय. ता माका उशिरा कळला." मग ते उठले. मी दाराआड उभी होते. माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि बाबांकडे बघितले. "दुसऱ्याच्या होडयेक हात लावतंय. राग येवंदे तुका. पण चेडवाक जावंदे."

बाबांना राग आला नाही. त्यांनी आपल्या वल्ह्याने घट्टे पडलेल्या हातांकडे बघितले आणि म्हणाले, "बरा."

निघायच्या दिवशी ते वाडीच्या वाटेवर उभे होते. हातात सुक्या नारळांची जोडी, नव्या पिवळ्या सुंभाने बांधलेली. मला हसू आले आणि रडूही.

"आजोबानू, कोल्हापुरात दर्या नाय."

"माहीत आसा," ते म्हणाले. "घे."

मी ती घेतली. मग जे इतके दिवस मनात होते ते विचारले. "यंदा तुमची जागा कोण बघतला?"

"तू आता तुझी बघ," ते म्हणाले. मी थोडी थांबले. मला वाटत होते की आता, निदान आज, ते तो जुना शब्द म्हणतील. त्यांचे ओठ हललेसुद्धा. "जा," ते म्हणाले. "येष्टी चुकतली."

वसतिगृहात माझ्या खाटेखाली ती जोडी बघून मुली हसल्या. एकीने चटणीसाठी मागितली. मी दिली नाही, आणि का नाही हे मला नीट सांगताही आले नाही. पहिल्या महिन्यात वर्गात सगळे भराभर बोलत आणि मला एक वाक्य जुळवायला वेळ लागे. संध्याकाळी परत आले की मी सुंभाच्या गाठीवरून बोट फिरवत बसे. ती गाठ कुठे सुरू होते ते सापडत नाही, इतकी ती नीट बांधलेली आहे.

दिवाळीला घरी गेले तेव्हा मला कळले. सबूर तांडेल श्रावणात, पौर्णिमेच्या अगोदर, तापाने गेले होते. मला कुणी कळवले नव्हते. कळवणार कोण? आमच्या घरात लिहिता येणारी मी एकटीच.

होडी अर्धी शिवून झाली होती. बाकीची बाबांनी आणि वासूने मिळून शिवली, एकही जुना टाका न ठेवता. पौर्णिमेला सगळ्या होड्या गेल्या, ही राहिली. राळ सुकली नव्हती. चार दिवसांनी बायकांनी पाणी भरले. तांडेल आता बाबाच होणार होते, पण मागच्या जागेवर बसायला ते तयार नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी उभे राहूनच होडी नेली आणि आणली.

आई हे सगळे चुलीपाशी बसून सांगत होती. मी विचारले, "मागची शिवण कोणी बघली?"

"मियां," आई म्हणाली. "तुझ्या बदली."

"बसणारो कोण नाय होतो, तरी?"

आईने चुलीतले लाकूड पुढे सरकवले. मग तळहात माझ्या गालाला लावला, तो लाकडाच्या धगीने गरम झाला होता.

"जागा होती मा," ती म्हणाली. "सुकी होती."